शंभर टक्के सुती

कपड्यावरच्या लेबलावर विश्वास ठेवायचा नाही, हा भारतीचा धर्म होता, आणि तो तिला कुणी शिकवलेला नव्हता. उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधल्या एका कारखान्यात ती बावीस वर्षं मशीनवर बसत होती. काम एकच, तयार टीशर्टच्या मानेला आतून लेबल शिवायचं. ताग्यातलं कापड एकच असायचं; सकाळी त्याला 'ड्राय फिट' लागायचं, दुपारी 'थर्मल', आणि सेठला लहर आली तर संध्याकाळी 'प्युअर वूल'. मेंढी त्या कापडाच्या वाऱ्यालाही उभी राहिलेली नसायची. शेजारच्या मशीनवरची सरू आणि ती, दोघी यावर पोट धरून हसायच्या. हसू ओसरलं की भारती मनाशी म्हणायची, माझ्या अस्मिताला या स्टुलावर बसू द्यायचं नाही.

अस्मिता ही तिची एकुलती एक लेक. बाप गेल्यापासून अंबरनाथच्या एमआयडीसीत पॅकिंगचं कंत्राटी काम करायची आणि मोरिवलीच्या दोन खोल्यांचं भाडं भरायची. पोलीस भरतीच्या पहिल्या खेपेला ती लेखीत नापास झाली, दुसऱ्या खेपेला टायफॉइडनं आडवी झाली, आणि मग भरती निघता निघता वर्षं सरली. आता तेहेतिसावं सरत होतं. यंदाची भरती गेली की वयातून बाद. नाशिकला जागा जास्त म्हणून तिनं तिथं फॉर्म भरला, आणि मैदानी चाचणीची तारीख आली ऐन जानेवारीतली, पहाटे पाचची.

पळण्याचं तिला भय नव्हतं. वर्षभर ती बदलापूरला जाऊन बारवी धरणाच्या रस्त्यावर पळत होती. शिकवणारे हरिचंद्र सर फौजेतून निवृत्त झालेले, बोलायला कंजूष. आठशे मीटर ती दोन मिनिटं पंचेचाळीस सेकंदांत मारायची. दोन पन्नासच्या आत आलं की पूर्ण वीस गुण. सरांना काळजी होती ती थंडीची. त्यांनी वहीच्या पानावर लिहून दिलं होतं: अंगालगत घाम न पिणारं, घट्ट, पातळ. त्यावर पूर्ण बाह्यांचं एक. सगळ्यात वर वारा अडवणारं, शेवटच्या मिनिटाला काढायचं. हातमोजे, कानपट्टी. आणि खाली दोन रेघा ओढून, 'सुती नको'.

मायलेकी कॅम्प दोनच्या बाजारात गेल्या. हातमोजे मिळाले, कानपट्टी मिळाली, विंडचीटर मिळालं. आतल्या कपड्याशी गाडी अडली. दुकानदारानं काळं, गुळगुळीत, हातात घेतलं तर काहीच नाही असं वाटणारं थर्मल पुढं टाकलं.

"ताई, असली माल आहे. एकदम कंपनीका."

भारतीनं कपड्याची मान उलटी करून लेबल बघितलं आणि खुदकन हसली. "भाऊ, असली माल मी रोज दोन हजार पीस शिवते."

"आई, सरांनी हेच सांगितलंय गं," अस्मिता हळूच म्हणाली.

शेवटी घेतलं, पण पटलं नाही तर बदलून द्यायच्या बोलीवर. घरी आल्या आल्या भारतीनं शिवणीतून एक धागा ओढला आणि काडी लावली. कारखान्यातली जुनी परीक्षा ती: सूत जळून राख होतं, कागद जळल्यासारखा वास येतो, खोटं कापड वितळतं. धागा आकसला, त्याचा काळा टणक मणी झाला, खोलीभर प्लास्टिकचा वास सुटला.

"बघ! प्लास्टिक आहे. हे घालून तू नाशिकच्या थंडीत उभी राहणार?"

"आई, तसलंच लागतं. घाम धरत नाही ते. सर म्हणाले..."

"सरांना कपड्यातलं काय कळतं? जन्मभर सरकारनं दिलं ते घातलं त्यांनी. मी बावीस वर्षं कापडात आहे."

दुधानं तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो म्हणतात. भारतीनं तर ताकाचं भांडंच उपडं केलं. दुसऱ्या दिवशी थर्मल परत गेलं, त्या पैशात तिनं होजियरीचं उत्तम जाड सुती कापड आणलं आणि सुट्टीच्या दिवशी सेठला विचारून कारखान्यात मशीनवर बसली. आतून मऊ पिंजलेला थर, उंच मान, काखेत टोचू नये म्हणून सपाट शिवण. इतकं सुंदर काम तिच्या हातून आयुष्यात झालं नव्हतं. शेवटी तिनं पांढऱ्या पट्टीचा तुकडा घेतला, त्यावर लाल दोऱ्यानं अक्षरं काढली आणि मानेला आतून शिवली: 'अस्मिता. शंभर टक्के सुती.' बावीस वर्षांत तिनं लावलेलं पहिलं खरं लेबल.

अस्मितानं ते हातात घेतलं, पट्टीवरून अंगठा फिरवला. मग तिनं आईच्या तोंडाकडे बघितलं.

"छान झालंय गं," एवढंच म्हणाली.

नाशिकला दोघी आदल्या दिवशीच पोचल्या आणि एका बुद्धविहारात मुक्कामाला राहिल्या. पहाटे मैदानाच्या फाटकाशी भारतीनं तिची कानपट्टी सारखी केली. "जय भीम म्हण आणि जा. पाठीमागं बघू नकोस." फाटक लागलं. बाहेर आईबापांची रांग शाली पांघरून भिंतीला टेकली.

आतली शिट्टी ऐकू यायची, दिसत काही नव्हतं. धुकं असं उतरलं होतं की समोरचा दिव्याचा खांबही अर्धाच दिसत होता. सहा वाजले, साडेसहा झाले. आतून निरोप आला की पोरींचं वॉर्मअप झालंय, छातीवर नंबर लागलेत, बॅगा आणि जॅकेटं जमा झालीत, पण पलीकडचं वळण दिसत नाही म्हणून थांबवलंय. शेजारची एक बाई रडवेली झाली. "माझी पोर नुसत्या पातळ काळ्या बनियनवर आहे हो, गारठून जाईल."

भारतीला तिची कीव आली. खरंच आली. 'माझी तरी आतून उबेत आहे,' असं तिच्या मनात आलं, आणि त्या थंडीत तिला जरा बरं वाटलं. या एका विचाराबद्दल तिनं स्वतःला पुढं कधीच माफ केलं नाही.

आठ वाजता धुकं उठलं. नऊच्या सुमाराला अस्मिता बाहेर आली ती ओठ निळे पडलेले, एक पाय ओढत.

"पोटरीत गोळा आला," ती म्हणाली. "आठशेला तीन मिनिटं नऊ लागले."

गोळाफेकीत आणि शंभर मीटरमध्ये तिनं जमेल तेवढं भरून काढलं होतं, पण आठशेतले चार गुण गेले ते गेले. बारा दिवसांनी लेखीला बोलावलेल्यांची यादी लागली. अस्मिता दोन गुणांनी राहिली. यादी तिनं मोबाइलवर तीनदा वरखाली केली, मोबाइल उलटा ठेवला आणि भाताला पाणी ठेवलं.

भारतीनं सगळ्यांवर तोंडसुख घेतलं. धुक्यावर, नाशिकवर, स्वतःच्या कर्मावर. अस्मितानं ऐकून घेतलं.

नाशिकची बॅग तशीच पलंगाखाली पडली होती. यादी लागल्यानंतरच्या रविवारी भारतीनं ती उपसली आणि सगळे कपडे धुवायला काढले. सरावाचा जुना, विटका, जाळीदार टीशर्ट. कुठल्याशा स्पर्धेत फुकट मिळालेला, शुद्ध प्लास्टिक. आणि तिनं शिवलेलं ते सुती. दोन्ही एकाच वेळी पिळून गॅलरीतल्या दोरीवर टाकले. भांडी घासून ती परत आली तर जाळीचा टीशर्ट वाळून वाऱ्यावर उडत होता. सुतीची टोकं टपटपत होती. जेवण झालं, तरी टपटपत होती. चार वाजता ऊन गेलं, तेव्हा तिनं ते दोरीवरून काढून हातावर घेतलं. ओलं, जड, बर्फासारखं गार. आतला पिंजलेला थर तर नुकताच बादलीतून काढल्यासारखा.

मग तिनं ते अंगातल्या ब्लाउजवर, छातीला दाबून धरलं. किती वेळ धरवतं ते बघायला. घामानं भिजलेल्या यात पोरगी दोन तास उभी होती.

अस्मिता मागून आली. "आई, काय करतेस? आजारी पडशील." तिनं ते ओढून घेतलं.

"तुला माहीत होतं?"

अस्मिता सुतीची टोकं पिळत राहिली.

"अस्मे, माहीत होतं तुला?"

"हो."

"मग घातलंस कशाला? बॅगेत ठेवायचंस, दुसरं काही घालायचंस, मला मेलीला काय कळणार होतं!"

"तू शिवलं होतंस ना," अस्मिता म्हणाली. "मला वाटलं, पाच मिनिटांत नंबर लागेल. धुकं पडेल असं कुणाला वाटलं होतं?"

भारतीला मोठ्यानं रडायचं होतं, पण रडायचा हक्क आपला नाही असं तिला वाटलं. अस्मितानं ते सुती पुन्हा दोरीवर पसरलं, लेबलाची बाजू आत करून.

मार्चमध्ये पॅकिंगचं कंत्राट संपलं आणि ठेकेदारानं नवी, कमी वयाची पोरं घेतली. सरू गुडघ्यांमुळे काम सोडून गेली होती. सेठनं स्वतःहूनच विचारलं, "भारती, तुम्हारी लडकी घर पे है ना? मशीन खाली पडा है."

सोमवारी अस्मिता शेजारच्या स्टुलावर बसली. उंच होती, गुडघे मशीनखाली मावेनात. भारतीनं तिच्यापुढं लेबलांचा गठ्ठा ठेवला, दोरा ओवून दिला, पायाचा दाब किती द्यायचा ते दाखवलं. पोर हुशार, तिसऱ्या पीसला हात बसला.

"आई, या टीशर्टांना काय लावायचं?"

भारतीनं कापड चिमटीत धरून बघितलं. साधं सुती होतं.

"थर्मल," ती म्हणाली.