छातीवरचं नाव

कमलम्मांच्या बियाणांच्या दुकानासमोरून उमाशंकर पुन्हा एकदा तसाच पुढे निघून गेला. मोटारसायकलच्या टाकीवर टी-शर्टांचं गाठोडं होतं. देवणीच्या चौकापर्यंत जायचं, पानटपरीला वळसा घालायचा आणि परत यायचं, असं त्याचं मघापासून चाललं होतं. काय हरवलंय का, असं टपरीवाल्याने शेवटी विचारलंच. उमाशंकर नुसता हसला आणि गाडी पुन्हा वळवली.

मुळात हा गडी एका जागी बसणाऱ्यातला नव्हेच. दिवसभर फवारणीचे पंप दुरुस्त करायचे आणि ऊन उतरलं की हातावरचं ऑइल पुसत शाळेच्या मैदानावर पोरींना खो-खो शिकवायचा. पगार नाही, पद नाही, बायकोची बोलणी मात्र न चुकता. पोरी जिल्ह्यात कुणाला हार जात नव्हत्या. पण विभागाला गेल्या की गाडं अडायचं. तिथे सामने मॅटवर, आणि यांचा जन्म मातीत गेलेला. चांगल्या चांगल्या पोरी मॅटवर घसरून पडायच्या. मॅट हवीच होती, आणि यंदाच हवी होती. निम्म्या पोरी दहावीच्या. पुढल्या साली कुणाचं कॉलेज, कुणाचं लग्न, ते काही त्याच्या हातात नव्हतं.

लातूरच्या एका कंपनीने वाट दाखवली. दुकानदारांकडून जेवढं प्रायोजकत्व मिळवाल तेवढीच भर आम्ही घालू, असं त्यांनी सांगितलं. उमाशंकरच्या पायाला भिंगरीच लागली. उदगीर झालं, निलंगा झालं. जत्रेला हात सैल सोडणारे शेठ पोरींच्या खेळाचं नाव काढलं की चहा पाजून वाटेला लावत. शेवटी कमलम्माच म्हणाल्या, मी देते, माझी मंजुश्री बी खेळायची की.

मंजुश्री त्यांची एकुलती एक. उमाशंकरनेच तिला खांब धरायला शिकवलं होतं. डेंग्यूचा ताप डोक्यात गेला आणि लातूरला नेईपर्यंत सगळं संपलं. ते आठवून उमाशंकर नको ते बोलून बसला. आमच्याकडे बसथांबा असो, शाळेची कमान असो की पाण्याची टाकी, कुणाच्या तरी स्मरणार्थच उभी असते. त्याच सवयीने तो म्हणाला, अक्का, टी-शर्टावर मंजूचंच नाव टाकू. कमलम्मा नको म्हणत होत्या. यानेच आग्रह केला आणि उदगीरला जाऊन छापूनही आणलं. लिंगैक्य झालेल्या, म्हणजे वारलेल्या माणसाच्या नावाआधी 'लिं.' लिहायची लिंगायतांची रीत, तीही त्याने पाळली. 'लिं. मंजुश्री यांच्या स्मरणार्थ.' त्या दिवशी कमलम्मा ती अक्षरं बोटाने चाचपत कितीतरी वेळ बसून होत्या.

काल कंपनीतल्या ज्योत्स्ना मॅडमनी टी-शर्टाचा फोटो पाहिला आणि मान हलवली. ही देणगी झाली, प्रायोजकत्व नव्हे. छातीवर दुकानाचं नाव पाहिजे आणि फक्त दुकानाचंच. दोन्ही नावं चालतील का, त्याने विचारून पाहिलं. चालणार नव्हती. मॅडमनाही वाईट वाटत होतं, पण नियम त्यांनी केलेला नव्हता. उद्यापर्यंत नवा फोटो आला नाही तर ती रक्कम नांदेडकडच्या, हदगावच्या संघाला जाणार होती.

लातूरहून परतताना एसटीत त्याच्या मनात आलं, वरून कागद चिकटवावा, फोटो काढावा आणि कागद फाडून टाकावा. कुणाला कळणार आहे? मग त्याची त्यालाच लाज वाटली. पंचाचं लक्ष नसताना फाउल केला म्हणून पोरींवर ओरडणारा माणूस तो.

अखेर तो दुकानात शिरला. कपाळावर विभूती लावलेल्या कमलम्मा हरभऱ्याच्या बियाणाच्या थैल्या रचत होत्या.

"अक्का, माझं चुकलं," तो उभ्याउभ्याच म्हणाला आणि सगळं सांगून टाकलं.

कमलम्मा हातातली थैली खाली ठेवायची विसरल्या. "म्हंजी तिचं नाव काढायचं."

"हाव."

"आन् न्हाई काढलं तर?"

"मॅट येत न्हाई. तुम्ही न्हाई म्हणा अक्का. पोरींचं मी बघून घेतो. मातीत खेळू."

तो हे मनापासून बोलत होता, आणि त्यांनी न्हाई म्हणू नये असंही त्याला तितकंच मनापासून वाटत होतं. त्याला उभं राहवेना. तो दारापर्यंत गेला, परत आला. आपण एका आईला काय दिलं आणि आता काय परत मागायला आलो, हे त्याच्या डोक्यातून जाईना.

"छापलेलं निघतंय का?" कमलम्मांनी विचारलं.

"न्हाई. वरून पट्टी शिवावी लागंल. संगप्पा टेलरला सांगतो मी."

"टेलरला कशाला?"

त्या आत गेल्या. गिऱ्हाइकांना द्यायच्या, दुकानाचं नाव छापलेल्या कापडी पिशव्या, कात्री आणि सुईदोऱ्याचा डबा घेऊन बाहेर आल्या. पिशवीवरचं नाव चौकोनी कापून काढलं. गाठोडं सोडून पहिला टी-शर्ट मांडीवर पसरला.

"धुतल्यावर खालचं नाव जातंय का रे?"

"न्हाई अक्का. शाई पक्की हाय."

"मग असू दे खाली."

त्यांनी पट्टी नावावर ठेवली, एकदा उचलून पाहिलं, परत ठेवली. पहिला टाका घातला. उमाशंकर त्यांच्यासमोर थैल्यांवर बसला आणि पुढचा टी-शर्ट उलगडून हातात धरून राहिला.

दारात एक गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं.

"जरा थांबा," कमलम्मा मान वर न करता म्हणाल्या. "पोरीचं काम करायलेय."