कावळ्याचा घास

अहवाल हातात आला आणि मला घरात बसवेना. तसंही मला कधी बसवत नाही. बाबा म्हणतात, अपर्णाच्या पायाला भिंगरी आहे. म्हणू देत. आमच्या या लष्कर भागात इतकी माणसं स्वस्थ बसून आहेत, एकीनं तरी अस्वस्थ असावं.

मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते आणि कावळ्यांची पिसं गोळा करते. कावळा दर पावसाळ्यात पिसं गाळतो. नवं पीस वाढताना त्याच्या रक्तात जे विष असेल ते त्यात जाऊन बसतं. वर्षावर्षाची पिसं तपासली, की वस्तीत शिसं वाढतंय की घटतंय ते कळतं.

दाना ओली मोहल्ल्यातल्या आमच्या गच्चीवरच्या पिसांत ते दरवर्षी वाढत होतं. माझा संशय मागच्या गल्लीतल्या बॅटऱ्या वितळवणाऱ्या भट्टीवर. माझ्या भावाच्या, केदारच्या बायकोला, स्मृतीला, सातवा महिना. शिसं पोटातल्या बाळाच्या मेंदूलाही सोडत नाही. मी खिडक्या लावून घेतल्या, तिचं गच्चीवर जाणं बंद केलं आणि भट्टीवाल्याशी कडाकडा भांडून आले.

तो म्हणाला, "बहनजी, भट्टी तो कब की बंद है!" माझा काय विश्वास बसतोय!

"ताई, आता बस कर ना यार," केदार वैतागला. "पूर्ण मोहल्ल्याशी लढून राहिलीस तू."

पुरावा पक्का व्हावा म्हणून यंदा मी भट्टीजवळच्या छपरावरची पिसंही तपासायला पाठवली होती. आजच्या अहवालात ती जवळजवळ स्वच्छ निघाली. आमच्या गच्चीवरची मात्र पूर्वीपेक्षा वाईट.

मी बाड्याच्या चौकापर्यंत चालत गेले, सवारी टेंपोच्या गर्दीत धक्के खात तशीच परत आले. डोक्यात एकच: धूर नाही, तर मग काय?

गच्चीवर गेले तेव्हा बाबा कठड्यावर भात-आमटी ठेवून "काव काव" करत होते. कावळ्याचा घास काढल्याशिवाय आमच्याकडे कुणी जेवत नाही. आमचे पूर्वज दख्खनेतून इकडे आले तेव्हा बाकी काय आणलं देव जाणे, ही रीत मात्र आणली. कावळा आला आणि आमटीत कालवलेला भात मटामट खाऊ लागला.

मी बघत राहिले. भट्टीजवळच्या कावळ्यांना हे मिळत नव्हतं.

"बाबा, आमटी कशात केलीत?"

"कशात म्हणजे? पितळेच्या पातेल्यात. कावळ्याचा घास काय स्टीलमधला काढायचा?"

"कल्हई कोण करतं?"

"जुना कल्हईवाला वारला, तेव्हापासून दुसरा येतो. एकदम चांदीसारखं चमकवतो!"

कल्हई कथलाची असते. कुणी त्यात स्वस्तातलं शिसं मिसळलं तर डोळ्यांना कळत नाही, पण चिंचेला कळतं. आंबट उकळलं की शिसं सुटतं. काखेत कळसा आणि मी गावाला वळसा घालत होते.

आणि स्मृतीचे डोहाळे आंबटाचे. बाबा तिच्यासाठी रोज स्वतः चिंचगुळाची आमटी करायचे. सासऱ्यानं सुनेचे असे लाड केलेले मी दुसरीकडे पाहिले नाहीत.

मी धावत खाली आले. स्मृती रिकामी वाटी पुढे करून बसली होती. "आणखी थोडी वाढा ना."

मी पातेलं उचलून मोरीत पालथं केलं. सगळं सांगितलं. मला राग आला होता आणि रागावायला समोर कुणीच नव्हतं. बाबा जिन्याच्या दारात उभे राहून ऐकत होते.

"मी वाढली," ते म्हणाले. "नको म्हणाली तरी मी वाढली."

केदारनं रक्त तपासणाऱ्याला फोन लावला. स्मृतीनं दोन्ही हात पोटावर ठेवले.

"ताई, माझं रक्तावरून कळेल," ती म्हणाली. "याचं कशावरून कळणार?"

वर कावळा ओरडत होता. त्याला आणखी हवं होतं.