शेंडीवाल्या बदकांची अकरा अंडी

बदकवाली खुराडं झाडत होती, तेवढ्यात साहेब आला आणि तिची बदकं दुर्मिळ झाली. कालपर्यंत ती नुसती शेंडीवाली बदकं होती, दारात चिखल करणारी आणि तिला शेजाऱ्यांच्या शिव्या खायला लावणारी. साहेब म्हणाला, असली बदकं आता जगात फार थोडी उरलीत. आठवड्यात जाळीचं कुंपण आलं, पाटी आली, शेवटी कुलूप घेऊन साहेब स्वतः आला.

आत पेंढ्यावर एक कोंबडी बसलेली दिसली, खाली बदकांची अकरा अंडी. शुद्ध जातीत कोंबडीचं काय काम, म्हणून त्यानं तिला हाकलायला लावलं.

"साहेब, ही बदकं अंड्यावर बसत नाहीत," बदकवाली म्हणाली. "देवानं शेंडी दिली, पण बूड टेकायची अक्कल दिली नाही. माझ्या सासूच्या काळापासून कोंबडीच उबवते."

"पुस्तकात तसं नाही, आजी."

सून म्हणाली, जाऊ द्या आई, साहेबाची बदकं साहेब उबवील. पण नर म्हातारा झाला होता. ही अंडी गेली की वंश बुडाला, हे बदकवालीला ठाऊक होतं. साहेब पाटीबरोबर फोटो काढून घेत होता तेवढ्यात तिनं अंडी ओच्यात घातली आणि पेंढ्यात ओढ्यातले अकरा पांढरे गोटे मांडले. मग साहेबानं कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली.

चुलीमागच्या टोपलीत कोंबडी पुन्हा त्या अंड्यांवर बसली. इतर जातीची बदकं ओल्या अंगानं बसतात, कोंबडी कोरडी. म्हणून म्हातारी रोज ओल्या हातानं अंडी पुसायची. तिकडे साहेब रोज जाळीबाहेरून गोटे मोजायचा आणि वहीत लिहायचा, 'अकरा. प्रगती समाधानकारक.'

नऊ पिल्लं निघाली. पहाटेच तिनं ती जाळीखालून आत सरकवली आणि लांब आकडीनं नऊ गोटे बाहेर ओढले.

साहेब हरखला. कुंपणाचा गुण म्हणाला. अशीच कुंपणं गावोगाव घालायची आणि कोंबड्यांना लांब ठेवायचं, असा अहवाल त्यानं तिथंच उभ्यानं लिहिला. पिल्लं मात्र जाळीला चिकटून बाहेरच्या कोंबडीकडे बघत चिवचिवत होती.

न फुटलेली दोन अंडी त्यानं कापसात गुंडाळली, तपासणीला पाठवायला.

"जपून न्या साहेब," बदकवाली म्हणाली. "आणि कमी पडली तर सांगा. ओढ्यात पुष्कळ आहेत."