हर्षालीच्या दाढेचा कागद

ज्योतीरामच्या हातून खोटा माल पुढे गेला, असं चाकणच्या त्या कंपनीत कुणी म्हणून दाखवावं! गाड्यांच्या ब्रेकची तपासणी त्याच्याकडे. केसाएवढी चीर दिसली की लाल फुली, मग साहेब का ओरडेना. पण तपासणीचा कागद भरण्यात मात्र तोही बाकीच्यांसारखाच. रोजच्या रकान्यात रोज टिक करायला वेळ कुणाला असतो राव? ऑडिटच्या आदल्या दिवशी बसायचं आणि महिन्याचा कागद एका चहात उरकायचा. माल चोख असल्यावर कागदाचं काय एवढं, असं त्याचं म्हणणं. तेच म्हणणं त्याने घरी आणलं आणि तिथे घात झाला.

घर कुरुळीत, दोन खोल्यांचं. ज्योतीराम मूळचा बीडकडचा. बायको वर्षाली पॅकिंगच्या कामाला, आणि आठ वर्षांची एकुलती हर्षाली. तिच्या दुधाच्या दोन दाढा किडून काढाव्या लागल्या, तेव्हा लेकराने रडून घर डोक्यावर घेतलं होतं. आता मागे कायमच्या चार दाढा आल्या, तर त्यांतल्या एकीवरही पांढरा डाग. दातांच्या कॉलेजातल्या डॉक्टर मैत्री मॅडम शाळेत आल्या, त्यांनी बजावलं, "ही गेली की दुसरी येत नाही. पण नुसता डाग आहे तोवर वाचवता येईल."

त्यांच्याकडे एक नवा उपाय होता, अजून पारखून बघायचा होता. ब्रश झाला की हिरवी गोळी पाण्यात विरघळवून चूळ धरायची. तो रंग दातांवरच्या जंतूंना चिकटतो. मग दिव्याची पट्टी दहा मिनिटं दातांत धरायची. उजेड पडला की रंग काम करतो आणि जंतू मरतात. नुसत्या रंगाने होत नाही, नुसत्या उजेडानेही नाही. असं रोज, चार महिने, आणि रोज कागदावर टिक, शेजारी घरच्यांची सही. शाळेतल्या चाळीस मुलांच्या घरी दिवे गेले.

पहिले पंधरा दिवस घरात नुसता उत्साह. मग ज्योतीरामला दुसरी शिफ्ट लागली, दुपार ते रात्र. वर्षाली संध्याकाळी सातला येऊन स्वयंपाकाला लागायची, आणि एकटं लेकरू लाळ गाळत दहा मिनिटं कशाला बसतंय? दिवा कपाटात गेला. उद्यापासून, उद्यापासून करत चार महिने सरले.

मॅडमची तपासणी गुरुवारी होती, कंपनीच्या सुट्टीच्या दिवशी. सकाळीच ज्योतीराम कागद घेऊन बसला. कधी निळं पेन, कधी काळं. कधी आठ वाजून पाच, कधी सव्वाआठ. खरं वाटावं म्हणून मध्येच एक रकाना कोरा सोडला. कसबी माणूस! मग आठवलं, गोळ्या उरल्यात. कागद आणि माल जुळायला नको? शंभरेक गोळ्या त्याने बादलीत विरघळवल्या आणि मोरीत ओतल्या. मोरी हिरवीगार झाली. हर्षाली दारात उभी राहून बघत होती.

"पप्पा, कामून ओतलं?"

"काही नाही. मॅडमनी विचारलं तर रोज लावते म्हणायचं. काय?"

दुपारी शाळेत मॅडमनी तिची दाढ आरशाने पाहिली. डागाच्या जागी खड्डा पडला होता. दाढ भरता येणार होती, पण पहिल्यासारखी होणार नव्हती. मग त्यांनी कागद पाहिला, पुन्हा दाढ पाहिली.

"सगळ्यांत नीट कागद तुमचा आहे," त्या ज्योतीरामला म्हणाल्या. "एवढं करूनही दाढ किडली, म्हणजे आमचंच चुकतंय. आणखी काही मुलांचंही असंच झालंय. मागच्या दाढेपर्यंत उजेड पोचत नसावा. हा उपाय बंदच करावा लागेल असं दिसतंय."

ज्योतीरामला वाटलं, हे तर चोर सोडून संन्याशाला फाशी! खोट्या कागदापायी चांगलं मशीन भंगारात जातं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? शेजारच्या बुद्धरत्नची लेक सृष्टी तिथेच बाकावर बसली होती. तिला घरचे रोज न चुकता बसवायचे आणि तिचा डाग वाढला नव्हता. आता तिचाही दिवा जाणार.

मॅडमनी हर्षालीच्या हनुवटीला हात लावला. "रोज लावायचीस ना, बाळा?"

हर्षालीने बापाकडे पाहिलं. "हो मॅडम. रोज."

जराही अडखळली नाही. ज्योतीरामला खड्ड्याचं दुःख होतंच, पण हे त्याहून वाईट होतं. लेकराला हे शिकवलं कुणी? त्यानेच, सकाळी, मोरीपाशी.

"मॅडम, ती खोटं बोलतीय," तो म्हणाला. "मीच बोलायला लावलंय. दिवा पंधराच दिवस लावला. हा कागद मी आज सकाळी बसून भरलाय बघा. गोळ्या मोरीत ओतल्या. तुमच्या दिव्याचा काही दोष नाही."

खिशातलं लाल पेन काढून त्याने कागदावर या टोकापासून त्या टोकापर्यंत फुली मारली. मॅडम रागावल्या, चांगल्याच रागावल्या, आणि त्यांचं काय चुकलं? तेवढ्यात मागून गावातल्या शालनबाई उठल्या, नातवाचा हात धरून. "मॅडम, आमच्या ओमचा कागदबी तसलाच हाय. खोटं कशाला बोलू?" मग आणखी दोघं उठले.

हर्षालीची दाढ भरली. मॅडमनी उपाय चालूच ठेवला. बाकीच्या तीन दाढांसाठी नव्या गोळ्या मिळाल्या, नवा कागद मिळाला.

"सकाळी शाळेआधी लावला तर चालंल का?" ज्योतीरामने विचारलं.

"चालेल की!"

दुसरी शिफ्ट म्हणजे सकाळ मोकळी. एवढी साधी गोष्ट चार महिने सुचली नव्हती त्याला!

नवव्या दिवशी ओव्हरटाइममुळे त्याला सकाळी जाग आली नाही आणि दिवा राहिला. दहाव्या दिवशी हर्षाली दिवा तोंडात धरून बसली होती. ज्योतीराम पेन घेऊन कागदावर वाकला होता आणि कालच्या कोऱ्या रकान्यापाशी त्याचा हात थांबला होता. एवढीशी टिक, कुणाला कळणार होती?

हर्षालीला बोलता येत नव्हतं. तिने त्याच्या हातातलं पेन काढून घेतलं, कालच्या रकान्यात ठसठशीत फुली मारली आणि कागद सहीसाठी पप्पांकडे सरकवला.