ओठ मिटून टाकायचा पासवर्ड

माझ्या मेहुण्याने, म्हणजे बायकोच्या थोरल्या भावाने, आपल्या ग्रंथात एका जुन्या पोथीचा पाठ चुकीचा लावला आणि विद्वज्जनांनी त्या चुकीपुढे माना डोलावल्या. तिचे खंडन मी तीन वर्षे लिहीत होतो. शनिवारच्या परिसंवादात ते त्याच्या तोंडावर वाचायचे होते; तोवर त्याच्या कानी अक्षरही जाता कामा नये. म्हणून ते मी फोनवरच्या एका कुलूपबंद ॲपमध्ये ठेवले होते.

परंतु ॲप आयते मिळालेले होते. मूळ न पाहता नकलेवर विसंबणे हा माझ्या मेहुण्याचा धर्म, माझा नव्हे. त्या ॲपचा सोर्स कोड, म्हणजे ज्यातून ते बांधले जाते तो मूळ मजकूर, सर्वांना खुला आहे असे कळताच मी तो समग्र वाचून, त्यातूनच ॲप नव्याने बांधायचे ठरवले. मदतीला मेहुण्याचीच मुलगी आली. घराण्यात हे शास्त्र जाणणारी ती एकटी.

"आतोबा, चार हजार ओळी वाचल्यात म्हणे?"

"अकरा हजार. कोडमधल्या टिपांमध्ये दोन ठिकाणी वाक्यरचना सैल आहे."

"मग ॲप राहू दे. टिपाच छापून आणू."

बांधणी दोनदा अडली: एकदा साधनाची आवृत्ती जुनी म्हणून, एकदा लॅपटॉपमध्ये जागा उरली नाही म्हणून. तिसऱ्यांदा ॲप तयार झाले आणि फोनने ते नाकारले.

"जुन्यावर बनवणाऱ्यांची सही आहे, यावर आपली," ती म्हणाली. "एकाच्या घरात फोन दुसऱ्याला घुसू देत नाही. आधी जुनं काढायला हवं. पण ते जाताना आतलं सगळं घेऊन जाईल. अहो, बोट आवरा. आधी प्रत बाहेर काढू."

प्रत निघाली, तीही कुलूपबंद. जुने गेले, नवे बसले. प्रत त्यात शिरली आणि पासवर्ड मागू लागली.

"टाका. पण ओठ मिटून."

"म्हणजे काय?"

"पोथी ताडून बघावी तसं तुम्ही अक्षर न् अक्षर पुटपुटता. रोज."

हा आरोप निराधार आहे हे सिद्ध करण्यासाठी मी ओठ मिटले. पासवर्ड चुकला. पुन्हा चुकला. तिसऱ्यांदाही.

शेजारच्या खोलीत बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने मानही वर न करता सांगितले, "मेहुणाचुकला, सगळं जोडून. आणि पुढे एकशे सत्तेचाळीस."

मी तिन्ही वेळा एकशे चौऱ्याहत्तर टाकले होते. ॲप उघडले.

"तुला हे केव्हापासून ठाऊक आहे?"

"पहिल्या आठवड्यापासून. दादाला फोन केला, म्हटलं, तुझ्या एकशे सत्तेचाळिसाव्या पानावर काय चुकलंय रे? त्यानं पान काढलं आणि कपाळाला हात लावला. नव्या आवृत्तीत दुरुस्त झालंय. महिना झाला, तुमच्या टेबलावर पडलीये. तुम्ही वेष्टनसुद्धा फाडलं नाहीत."

"आमच्या बाबांना वाटतं, आत्या फार बारकाईनं वाचते," भाची म्हणाली.

वेष्टन मी कात्रीने कापले. पान एकशे सत्तेचाळीस. पाठ बरोबर होता, आणि माझ्या बासष्ट पानांचे सार तळटीपेच्या दोन ओळींत आले होते. शेवटी लिहिले होते: ही चूक घरच्या एका चाणाक्ष वाचकाने दाखवून दिली.

खंडन आता अभेद्य कुलपात होते आणि ते वाचण्याची इच्छा कोणालाच नव्हती. मी तळटीप पुन्हा वाचू लागलो, एखादा काना तरी चुकला असेल म्हणून.

"आतोबा," भाची म्हणाली, "पुटपुटताय."