दहा मिलिमीटरची खोली

खोलीत सात वस्तू होत्या. एक दिवाण, एक उशी, प्लास्टिकचं एक रोप, भिंतीवर एक घड्याळ, छताला एक पंखा, खिडकीला एक पडदा आणि कोपऱ्यात भिंतीला पाठ टेकवून उभे असलेले वामनराव धकाते. फोटोत यांतल्या सहाच येणार होत्या.

“काका, अजून थोडं मागं सरका न,” दारातून उन्मेष म्हणाला. बेसा भागातले फ्लॅट विकून देण्याचा त्याचा धंदा होता.

“मागं भिंत आहे गा. आता काय बाजूच्या फ्लॅटात जाऊन काढू?”

“काढा न. तुमच्या लेन्सचा भरोसा नाही, भिंतीच्या आरपार बी पाहीन ते.”

वामनरावांनी ट्रायपॉड छातीच्या उंचीवर घेतला, कॅमेरा पाणसळीत आणला आणि लेन्सवरची रिंग दहावर फिरवली. दहा ते वीस मिलिमीटरची ती झूम लेन्स त्यांनी अकरा वर्षांपूर्वी लग्नाच्या हॉलसाठी घेतली होती. दहावर ती एकशे नऊ अंश बघते. तीन भिंती, छत आणि फरशी एकाच चौकटीत बसतात. जवळचं मोठं होतं, लांबचं आणखी लांब जातं, त्यामुळे समोरची भिंत आहे त्याच्या जवळजवळ दुप्पट अंतरावर वाटते. एकच पथ्य पाळायचं असतं. कडेला काही ठेवायचं नाही, कारण कडेचं ताणलं जातं. म्हणून दिवाण मधोमध. हा दिवाणही खास बनवून घेतलेला, साडेपाच फूट लांब आणि सव्वादोन फूट रुंद. त्यावर कोणी झोपणार नव्हतं. वर्षभरात तो अकरा फ्लॅटांत फिरला होता आणि अकराही ठिकाणी त्याचा फोटो वामनरावांनीच काढला होता.

फोन वाजला. पुण्याहून प्रणाली, त्यांची एकुलती मुलगी.

“बाबा, जेवले का?”

“अकरा वाजले वं आत्ताशी. तू काय खाल्लं?”

“माझं सोडा, ऐका. अंकुशच्या आई म्हणून राहिल्या, पुण्यातच होऊ द्या. मी साफ सांगितलं, आमच्यात पहिलं बाळंतपण माहेरीच होते. आई नाही तं काय झालं, बाबा आहेत न. जनाआत्या बी येतो म्हणाली उमरेडहून.”

“ये न. कधी येऊन राहिली?”

“सातवा लागला का. अन् अंकुश इथूनच पलंग मागवून देतो म्हणते, सहा बाय पाचचा. पाळणा बी. तुमच्या खोलीचा फोटो दाखवला मी त्याले. तो म्हणे, एवढ्यात तं दोन पलंग बसतीन. फक्त माप पाठवा म्हणे, संध्याकाळपर्यंत.”

वामनरावांनी दिवाणाकडे पाहिलं. “पाठवतो,” ते म्हणाले.

तो फोटो चौदा महिन्यांपूर्वीचा होता. पत्नी गेल्यानंतर गोळीबार चौकातलं घर भावांनी मिळून विकलं आणि वामनराव मानेवाड्यात एका घराच्या गच्चीवरच्या भाड्याच्या खोलीत आले. पहिल्याच दिवशी प्रणालीने विचारलं, खोली कशी आहे. त्यांनी सामान न सोडताच कोपरा धरला, ट्रायपॉड उभा केला, रिंग दहावर नेली, फोटो काढला आणि पाठवून दिला. फसवायचं मनात नव्हतं. रिकामी खोली दिसली की ते कोपऱ्यात जाऊन उभे राहत. दुसरा कुणी चप्पल काढतो तसं.

तिचं उत्तर दोन मिनिटांत आलं होतं. ‘बापरे, केवढी मोठी खोली! आता मले तुमची काळजी नाही.’

या दुसऱ्या वाक्यामुळे त्यांनी काही सांगितलं नाही. त्यानंतर ती एकदाच इकडे आली, तीही उमरेडला आत्याकडच्या लग्नाला, आणि तिथूनच परत गेली. व्हिडिओ कॉलवर बोलताना वामनराव भिंतीला टेकून बसत. मागे फक्त भिंत दिसे.

बाराच्या सुमाराला उन्मेषची पार्टी आली. खालच्या मजल्यावरचा दोनशे दोन त्यांना बघायचा होता. त्याचे फोटो वामनरावांनी मागच्या पंधरवड्यात काढले होते. वैभव नावाचा तरुण कोराडीच्या वीज केंद्रात कामाला होता. सोबत त्याची आई, नरखेडकडची, पायात धुळीच्या चपला, हातात मोसंब्यांची पिशवी. “काका, थांबा पाच मिनिटं, मंग सोडतो तुमाले गाडीवर,” असं म्हणून उन्मेषने वामनरावांनाही खाली आणलं.

आईने आधी स्वयंपाकघर पाहिलं, नळ सोडून पाहिला. मागची खोली तिच्यासाठी होती. तिथे ती कोपऱ्यात गेली, पिशवी खाली ठेवली, पदराची घडी डोक्याखाली घेतली आणि सरळ फरशीवर आडवी झाली.

“माय, काय करून राहिली? उठ न, लोक पाहून राहिले.”

“पाहू दे. इथं निजाचं मले हाय का त्यायले? दार लाव.”

वैभवने दार लावायला घेतलं. ते तिच्या टाचेला लागून थांबलं.

“फोटोत तं बैलजोडी फिरली असती इथं,” ती झोपल्या झोपल्या म्हणाली.

“आजी, फोटो खराच आहे,” उन्मेष घाईने म्हणाला. “हे काका प्रोफेशनल आहेत. तीस वर्षं झाले त्यायले.”

तिने मान वळवून वामनरावांकडे पाहिलं. “तुमी काढला का गा?”

“हो. त्यात खोटं काहीच नाही, बाई. खिडकी आहे, दार आहे, सारं आहे.”

“हाय न. सारंच हाय.” ती उठून बसली आणि पदर झटकला. “निजाले जागा नाही, तेवढी गोष्ट सोडली तं.”

जाताना तिने पिशवीतून दोन मोसंबी काढून वामनरावांच्या हातात दिली. “घ्या. घरी खाजा,” ती म्हणाली. रागाचा मागमूस नव्हता.

खोलीवर परतले तेव्हा साडेचार झाले होते. मोसंबी ओट्यावर ठेवून ते आपल्या कोपऱ्यात जाऊन उभे राहिले आणि कॅमेरा डोळ्याला लावला. दहावर सगळं आलं: खाट, कपाट, ओटा, खिडकी, भिंतीवरची तसबीर, दाराची चौकट. रिंग हळूहळू फिरवली. बारावर दार गेलं. चौदावर ओटा गेला. सतरावर कपाट आणि खिडकी. विसावर खाट आणि तसबीर उरली. कॅमेरा एक इंचही हलला नव्हता, भिंतीही नाही.

तसबिरीत प्रणालीच्या लग्नाचा फोटो होता. टायमर लावून, दहावरच घेतलेला, म्हणजे स्वतःलाही त्यात येता यावं. सव्वीस माणसं होती. पत्नी सगळ्यांत डावीकडे, हातात ताट घेऊन. मधात ये, असं ते दोनदा म्हणाले होते. “माझं काय, पोरीले घ्या मधात,” ती म्हणाली आणि तिथेच उभी राहिली. तिचा चेहरा रुंद आला होता, एक खांदा दुसऱ्याहून मोठा. कडेचं ताणलं जातं हे त्यांना तेव्हाही माहीत होतं. पण टायमरचे दहा सेकंद चालू झाले होते. त्यानंतर तिचा एकही फोटो निघाला नाही.

त्यांनी खाट गच्चीवर नेऊन उभी केली. महिन्याभराची रद्दी काढली आणि सहा फूट बाय पाच फुटांचा कागदी पलंग फरशीवर चिकटपट्टीने जोडला. तीन प्रकारे मांडून पाहिला. पहिल्या दोन्हींत कपाट उघडेना. तिसऱ्यात कपाट उघडलं. आत्याची सतरंजी ओट्याखाली पाय घालून पसरता आली असती. पाळणा खिडकीपाशी टांगता आला असता. ते स्वतः गच्चीवर झोपले असते, त्यात काही विशेष नव्हतं. मग त्यांनी बाहेर जाऊन दार आत ढकललं. कागद चुरगळला. दार तीन इंच पलंगात शिरलं होतं.

ते दारातच उभे राहिले. खाली घरमालकांकडे कुकरची शिट्टी झाली. चार महिने इथे तिघांचा स्वयंपाक झाला असता. सकाळी कुणीतरी म्हणालं असतं, बाबा, चहा ठेवा. मग एक तान्हं रडलं असतं.

फोनवर अंकुशचा मेसेज आला. ‘बाबा, माप?’

वामनरावांनी लिहिलं: ‘बारा बाय चौदा.’ पाठवायचं बटण अंगठ्याखाली होतं. एवढं पाठवलं की पलंग निघेल, तिकिटं निघतील. सातव्या महिन्यात इथवर आलेली पोर दार अडतं म्हणून परत जाणार नाही. रागावेल, दोन दिवस बोलणार नाही, पण राहील. खरं माप गेलं तर तिच्या सासूबाईंचं म्हणणं खरं ठरेल, आणि ते चुकीचंही नव्हतं.

त्यांचे वडील हातमागावर नऊवारी विणत. लुगडं मोजताना बाकीचे विणकर दोघं मिळून दोन बाजूंनी धरून ओढत; वडील ते सतरंजीवर ढिलं सोडत आणि मग गज लावत. “ओढलं तं काय, म्हणशीन तेवढं होते,” ते लहान वामनला म्हणत. “नेसणारी बाई कुठून आणीन मंग ते दोन बोटं?”

त्यांनी ‘बारा बाय चौदा’ पुसलं.

ट्रायपॉडच्या पिशवीत लोखंडी टेप होता. दुसरं टोक धरायला कोणी नव्हतं, म्हणून ते गॅसच्या सिलिंडरखाली दाबलं आणि समोरच्या भिंतीपर्यंत टेप सोडत नेला. आठ फूट पाच इंच. टेपला मध्ये किंचित झोळ होता. तो फरशीला टेकवून पुन्हा मोजलं, तेव्हा एक इंच कमी भरलं. रुंदी दोनदा मोजली, दोन्ही वेळा सारखीच. मग दार भिंतीपासून ते सताड उघडेपर्यंत किती जागा घेतं, ते मोजलं.

कॅमेऱ्याची लेन्स काढून तिला झाकण लावलं. मोबाइलने उभ्याने, जिथून माणूस खोलीत शिरतो तिथून, एक फोटो घेतला. त्यात कागदी पलंगाचा अर्धा भाग आणि चुरगळलेली कडा आली. तो प्रणालीला पाठवला, अंकुशला नाही. खाली लिहिलं:

‘लांबी आठ फूट चार इंच. त्यातला ओटा एक फूट नऊ इंच. रुंदी सात फूट एक इंच. दार आत उघडते, त्याले दोन फूट चार इंच लागतात.’