काकांच्या शेजारचं घर

मित्रांनो, बेसमेंटच्या जिन्याखाली हिवाळी बुटांचं खोकं डोक्यावर घेऊन जी उभी आहे ना, ती मी. जुनी बाबागाडी. माझं निळं कापड आता राखी झालं आहे आणि पुढचं एक चाक वाकडं आहे. इथे सगळे मला स्ट्रोलर म्हणतात. सुचित्रा मात्र पहिल्या दिवसापासून बाबागाडीच म्हणत आली, म्हणून मीही स्वतःला तेच म्हणवते. थकले आहे, हे आधीच सांगून टाकते. पण तुम्ही पायरीवर बसलाच आहात, तर ऐका.

माझा जन्म इंडियानातल्या एका कारखान्यात झाला. पोकळ नळ्या वाकवल्या, त्यावर कापड ताणून बसवलं, खाली छोटी छोटी चाकं लावली, झाले मी तयार. पहिली काही वर्षं एका अमेरिकन घरात गेली. त्या घरचं बाळ मला फक्त मॉलमध्ये भेटायचं. मोटारीच्या डिकीतून गुळगुळीत फरशीवर, फरशीवरून परत डिकीत. अंगाला ऊन लागतं म्हणजे काय, हे मला ठाऊकच नव्हतं. बाळ मोठं झालं आणि मला गॅरेजमध्ये खुंटीला टांगलं. मग एका शनिवारी जुन्या दिव्यांबरोबर आणि कपबशांबरोबर मला अंगणात मांडून ठेवलं. येणारे-जाणारे हँडल धरून बघत आणि पुढे जात. शेवटी एका सडपातळ, चष्मेवाल्या तरुणाने मला उचललं. तो गिरीश.

त्याच्या बायकोने, सुचित्राने, मला डेटॉलच्या पाण्याने पुसलं, उन्हात वाळवलं आणि बसायच्या जागी जुन्या सुती साडीचं दुपटं घातलं. त्यावर आपल्या लेकीला, वीणाला, बसवलं. वीणा तेव्हा नुकती बसायला शिकली होती. तिने माझा पट्टा तोंडात घातला. तेव्हापासून मी त्यांची झाले.

कोलंबसमध्ये, विद्यापीठाजवळच्या जुन्या वस्तीत त्यांचं लहानसं अपार्टमेंट होतं. फुटपाथ विटांचा. मेपलच्या मुळांनी तो जागोजागी वर उचललेला, त्यामुळे माझी हाडं खिळखिळी व्हायची. पण खरं सांगू, माझे सुखाचे दिवस तेच. सुचित्रा सांगलीला शाळेत शिकवायची. इथे तिला व्हिसावर काम करायची परवानगी नव्हती. गिरीश सकाळी एकुलती एक मोटार घेऊन जायचा तो दिवे लागल्यावर यायचा. अपुऱ्या झोपेने तिचे डोळे सतत जड असत. तरी न्याहारीची भांडी विसळून झाली की ती मला दारातून बाहेर काढी. लाँड्रोमॅट, वाचनालय, कोपऱ्यावरचं किराणा दुकान. माझ्या खालच्या जाळीत धुण्याची पिशवी, मागे दुधाचा कॅन लटकलेला, मध्ये वीणा. वाटेत ती वीणाशी सारखी बोलत राही. ही बघ खार. हा पोस्टमन. ही त्या म्हाताऱ्या आजींची खिडकी, आजी अजून झोपल्यात वाटतं. दिवसभरात मोठ्या माणसाशी बोलायला मिळे ते दुकानातली बाई आणि वाचनालयातली बाई, एवढ्या दोघींशीच. पण तेवढ्यावर तिचा दिवस निघत असे. वरचे दोन्ही जिने मला उचलून नेताना ती दमायची, पण तोंड उतरलेलं नसायचं. उतरलेलं असायचं ते फक्त पावसापाण्याच्या दिवसांत, जेव्हा आम्ही बाहेर पडू शकत नव्हतो.

मग गिरीशला डब्लिनमधल्या एका कंपनीत चांगली नोकरी लागली. डब्लिन म्हणजे शहराबाहेर नवंनवं वाढणारं गाव. आता घर बदलायचं ठरलं आणि आमचे रविवार मोटारीत जाऊ लागले. वस्ती निवडायची कशी, यावर ओळखीतल्या सगळ्यांचं एकमत होतं. आधी शाळा बघायची. मग बेसमेंट किती मोठं ते बघायचं. मग आपली माणसं किती जवळ आहेत ते. वीणाला अजून नीट चालता येत नव्हतं, पण तिच्या हायस्कूलची चर्चा रोज होत होती. मी डिकीत घडी होऊन पडलेली असे. प्रत्येक घराबद्दल एकच ऐकू येई: दुकान काय, पाच मिनिटांवर. ही पाच मिनिटं मोटारीची असतात, हे कोणी बोलत नसे.

सगळ्यात जास्त सल्ला श्रीरंगकाकांचा. काका डॉक्टर. सख्खे काका नव्हेत, गिरीशच्या मामांचे वर्गमित्र. पण सख्ख्यांनी करावं तेवढं त्यांनी केलं होतं. गिरीश शिकायला आला तेव्हा विमानतळावर घ्यायला तेच गेले होते. त्याचा पहिला हिवाळा काकांच्या कोटात निघाला. लग्न होऊन सुचित्रा आली तेव्हा तिने माप ओलांडलं तेही काकांच्याच दारात, सुहासिनीकाकूंनी ठेवलेलं. त्यामुळे काकांपुढे गिरीशची जीभ उचलत नसे.

मार्चमध्ये काकांचा फोन आला. त्यांच्या शेजारचं कुटुंब टेक्ससला बदली होऊन चाललं होतं. घर भाड्याने मिळेल, पुढे विकतही घेता येईल. गिरीश फोनवर "हो काका, हो काका" करत राहिला. फोन ठेवल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण होकार देऊन बसलो. सुचित्राने घर पाहिलंही नव्हतं. ती वीणाला भात भरवत होती. घास तसाच हातात धरून तिने त्याच्याकडे पाहिलं, आणि मग तो वीणाला भरवला.

पुढच्या रविवारी आम्ही काकांकडे गेलो. शेजारचं ते घर सुरेख होतं, खोटं कशाला बोलू. प्रशस्त, उजेडाचं, पुढे हिरवळ, मागे हिरवळ. काका गिरीशला बेसमेंट दाखवायला घेऊन गेले. मंडळाचा गणपती इथे आरामात बसेल, सतरंज्या माझ्याकडे आहेत, असं त्यांचं खणखणीत बोलणं मला डिकीतही ऐकू येत होतं. सुचित्राने मला डिकीतून बाहेर काढलं आणि काकूंना म्हणाली, "वीणाला जरा फिरवून आणते. दुकानापर्यंत."

काकूंनी वीणाची टोपी कानांवर ओढली.

मित्रांनो, त्या वस्तीत फुटपाथ नव्हता. हिरवळीवरून ढकलावं तर माझी चाकं ओल्या मातीत रुतत होती, म्हणून आम्ही रस्त्याच्या कडेने निघालो. घरामागून घरं गेली. दारं बंद, गॅरेजं बंद, पडदे ओढलेले. खार दिसली, ती वीणाला दाखवली. माणूस एकही दिसला नाही. वस्ती संपून मोठा रस्ता लागला, तिथे कडेला नुसती खडी आणि पलीकडे चर. ट्रक गेला की त्याच्या वाऱ्याने माझं कापड फडफडायचं आणि वीणा डोळे मिटून घ्यायची. सुचित्रा परत फिरली नाही. तिला बहुतेक बघायचंच होतं. मी जमेल तेवढा जोर लावला, पण मी मॉलसाठी घडवलेली गाडी. पुढचं चाक खडीत अडकलं, तिने ढकललं, आणि ते कडकन वाकलं.

तेवढ्यात मागून पोलिसाची गाडी आली. कोणीतरी खिडकीतून आम्हाला पाहून फोन केला होता. पोलीस तरुण होता, सभ्य होता. मोटार बंद पडली का, असं त्याने विचारलं. नाही, चालायला निघाले आहे, असं सुचित्रा म्हणाली. कुठे, असं त्याने विचारलं. तिने पुढच्या रस्त्याकडे बोट दाखवलं. दुकान अजून दिसतही नव्हतं. त्याने मला डिकीत ठेवलं, त्या दोघींना मागे बसवलं आणि काकांच्या दारात आणून सोडलं.

दारात पोलीस बघून सगळ्यांची धांदल उडाली. काय झालं ते कळल्यावर काका पोटभर हसले. "अगं सुचित्रा, इथे कोणी चालत नाही. ड्रायव्हिंग शिक, महिन्याभरात शिकशील. दोन-चार वर्षांत दुसरी गाडी घ्याल. तोवर हिच्याकडे यायचं, चहा प्यायचा. काय?"

सुचित्रा मान खाली घालून वीणाचे बूट काढत राहिली.

माझ्या अंगावर चिखल होता, म्हणून काकू मला गॅरेजमध्ये घेऊन गेल्या. फडकं ओलं करून पुसू लागल्या. मागोमाग सुचित्रा आली, वीणाला कडेवर घेऊन. मग काकू चाक पुसता पुसता, माझ्याकडेच बघत म्हणाल्या, "हे घर ह्यांना मी शोधायला लावलं. शेजारी कोणीतरी आपलं यावं म्हणून."

"काकू..."

"ऐक. मला गाडी येते. पण जाऊ कुठे? दुकान आणि घर. मुलं कॉलेजला गेली, हे हॉस्पिटलात. दुपारी मी टीव्ही लावते, बघत नाही, नुसता आवाज." त्यांनी फडकं पिळलं. "तू आलीस तर मला हवीच आहेस. येऊ नकोस असं माझ्या तोंडून निघणार नाही. पण माझ्याकडे बघून हो म्हणू नकोस, बाई. मग आपण दोघी दोन खिडक्यांत बसू."

सुचित्राच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. ते येण्याइतकं त्राण तिच्यात उरलं नसावं. तिने माझ्या हँडलवर हात ठेवला. मग मला ढकलतच ती बैठकीच्या खोलीत गेली. वाकड्या चाकामुळे मी डावीकडे ओढली जात होते आणि गालिच्यावर चाकांच्या ओल्या रेघा उमटत होत्या. एरवी ती असं कधी करणारी नाही.

काका फोनजवळ बसले होते. शेजाऱ्यांना नक्की झालं म्हणून कळवायचं होतं. गिरीश समोर, मांडीवर हात ठेवून.

"काका," सुचित्रा म्हणाली, "घर चांगलं आहे. तुम्ही आमच्यासाठी खूप केलंत. पण मला इथे राहायला जमणार नाही."

काकांनी तिच्याकडे न बघता गिरीशकडे बघितलं. "गिरीश, मी त्यांना शब्द दिलाय. तुझ्या शब्दावर. तुझं काय म्हणणं?"

मित्रांनो, मला तेव्हा गिरीशची कीव आली. आयुष्यात त्याने काकांना नाही म्हटलं नव्हतं. त्याचे कान लाल झाले. तो चष्मा काढून पुसत बसला. वीणाने कंटाळून माझा पट्टा ओढायला सुरुवात केली. शेवटी तो म्हणाला, "काका, चूक माझी. मी आधी हिला विचारायला हवं होतं. दिवसभर ही राहणार आहे इथे. मी नाही."

काकांनी रिसीव्हर उचलला, क्षणभर धरला आणि परत ठेवला. "ठीक आहे," एवढंच म्हणाले. त्या दिवशी ते आम्हाला मोटारीपर्यंत सोडायला आले नाहीत. काकू आल्या. त्यांनी वीणाच्या हातात केळं दिलं आणि घाईने आत गेल्या. परतीच्या वाटेवर मी डिकीत होते. मध्येच एकदा सुचित्रा म्हणाली, "काकूंना मी एकटं टाकलं." मोटार थोडी हळू झाली.

पुढे त्यांनी हे घर घेतलं, ज्याच्या बेसमेंटमध्ये मी उभी आहे. जुन्या वस्तीतलं, शेजाऱ्याशी भिंत सामायिक असलेलं. छत इतकं खाली की गिरीशला वाकून चालावं लागतं. गणपती इथे बसायचा तर फक्त बसलेलाच राहील, उठला तर डोकं छताला लागेल, असं काका अजून चारचौघांत म्हणतात. शाळा बेताची आहे, आणि त्यावरून दोघांची अजून कुरबुर होते. बर्फात गिरीशला ऑफिसला पोचायला फार वेळ लागतो, घरी येतो तेव्हा त्याला बोलवत नाही. सुचित्रा काही रोज आनंदात नसते. दमते, चिडते, कधी सांगलीच्या आठवणीने गप्प होते. पण दारापुढे फुटपाथ आहे. चांगली दोन-तीन वर्षं मी त्यावरून गेले.

आणि एक दिवस, मधल्याच वारी, दुपारी बेल वाजली. दारात सुहासिनीकाकू. घाम फुटलेला, हातात किल्ल्या अजून घट्ट धरलेल्या. फ्रीवेची धास्ती वाटते म्हणून त्या आतल्या रस्त्यांनी, वाट चुकत, एकट्या आल्या होत्या. काकांना सांगितलं नव्हतं. चहा झाल्यावर सुचित्राने मला बाहेर काढलं, तर काकू म्हणाल्या, "मी धरते." कोपऱ्यापर्यंत जाईतो त्यांना धाप लागली. पायी चालायची सवयच मोडली होती. पण हँडल त्यांनी सोडलं नाही. त्या मला ढकलत होत्या की माझ्या आधाराने चालत होत्या, ते मला सांगता येणार नाही. मी शक्य तितकी हळू चालले. नंतर त्या बऱ्याचदा येऊ लागल्या.

आता वीणा शाळेत जाते आणि मला कोणाला बसवायचं नाही. कोणी सहज जवळून गेलं तर खोकं उचलतं, ठेवतं, माझ्याकडे बघत नाही. माझी तक्रार नाही. मित्रांनो, विनंती मात्र आहे. मला कचऱ्याच्या दिवशी रस्त्यावर ठेवू नका. चाकांना दोन थेंब तेल द्या, कापड धुवा आणि गावात नवीन आलेल्या, कडेवर बाळ असलेल्या एखाद्या आईला मला देऊन टाका. तिच्या घरची माणसं घर बघायला निघाली, की बेसमेंट बघण्याआधी तिच्या हातात माझं हँडल द्या आणि दार उघडा. ती पायी जाऊन येईपर्यंत होकार कळवायला कोणी फोन उचलू नका. तिला यायला उशीर झाला तरी थांबा.